अर्धवट पुस्तकासाठी पुरस्कार: अनुभवी लेखकांनी पहिला अर्ज कसा करावा

माझी चार पुस्तकं प्रकाशित झाली तोवर मी एकदाही कुठल्या पुरस्कारासाठी स्वतः अर्ज केला नव्हता. पुस्तक आलं की प्रकाशक ठरलेल्या ठिकाणी प्रती पाठवायचे. त्यांचं पुढे काय झालं ते कधी कळायचं, कधी नाही. पाचवी कादंबरी मात्र निम्म्यावर येऊन अडली. सुचत नव्हतं असं नाही, पण नोकरी सांभाळून सलग बसायला वेळच मिळत नव्हता. त्या सुमारास एका प्रादेशिक साहित्यसंस्थेचं निवेदन वाचनात आलं. ज्यांची पुस्तकं आधी प्रकाशित झाली आहेत अशा लेखकांना, हातातलं लेखन पुरं करण्यासाठी पुरस्कार द्यायचा होता. पहिल्या वर्षी माझा अर्ज पहिल्याच फेरीत बाद झाला. दुसऱ्या वर्षी त्याच कादंबरीला पुरस्कार मिळाला. मधल्या काळात कादंबरी वीस-बावीस पानांनीच पुढे सरकली होती. अर्ज मात्र मी मुळापासून नव्याने लिहिला होता.

त्या दोन अर्जांमध्ये काय फरक होता, ते इथे क्रमाने लिहिते आहे. आधी एक सांगते: अर्ज करणं म्हणजे हात पसरणं, असं मानून अनेक चांगले लेखक या वाटेला जातच नाहीत. मीही बरीच वर्षं तसंच मानत होते. हे पैसे कौतुकाचे नसतात, ते वेळेसाठी असतात. तो वेळ तुमच्या पुस्तकाला हवा असेल तर मागण्यात कमीपणा नाही.

## १. पुरस्काराची जात आधी ओळखा

साहित्यातले पुरस्कार ढोबळमानाने तीन प्रकारचे. काही छापून आलेल्या एका पुस्तकाला मिळतात; साहित्य अकादमीचा मुख्य पुरस्कार हा त्यातला. काही लेखकाच्या आजवरच्या एकूण कामगिरीसाठी असतात. कुसुमाग्रजांना मिळालेलं १९८७ सालचं किंवा विंदा करंदीकरांना मिळालेलं २००३ सालचं ज्ञानपीठ हे असं. तिसऱ्या प्रकारात पुस्तक अजून टेबलावर असतं, आणि त्या न झालेल्या पुस्तकाकडे बघून पैसे दिले जातात. हा लेख फक्त या तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

जगात अशा योजना पुष्कळ आहेत. जर्मनीतला आल्फ्रेड ड्योब्लिन पुरस्कार १९७९ साली कादंबरीकार ग्युंटर ग्रास यांनी सुरू केला. तो दिला जातो अपुऱ्या, दीर्घ गद्य हस्तलिखिताला. उत्तर इंग्लंडमधल्या लेखकांसाठी 'नॉर्दर्न रायटर्स अवॉर्ड्स' २००० सालापासून आहेत. त्यात नवे आणि मुरलेले असे दोन्ही प्रकारचे लेखक चालतात. अट एवढीच की लेखन चालू असलं पाहिजे आणि लेखक त्या भागातला असला पाहिजे. अमेरिकेतलं व्हाइटिंग फाउंडेशन ललितेतर (कथा-कादंबरी-कविता नसलेली) पुस्तकं पुरी करण्यासाठी प्रत्येकी ४०,००० डॉलर देतं. आफ्रिकी लेखकांना माइल्स मॉरलंड फाउंडेशनने लेखनवृत्ती दिल्या आहेत. आपल्याकडे न्यू इंडिया फाउंडेशन स्वतंत्र भारताच्या इतिहासावर पुस्तक लिहिणाऱ्यांना अभ्यासवृत्ती देतं. भारतीय भाषांतली ललितेतर पुस्तकं इंग्रजीत नेण्यासाठी त्यांची वेगळी अनुवादवृत्तीही आहे, आणि तिच्या भाषांत मराठी आहे.

काही पुरस्कार असे की ज्यांना अर्ज करताच येत नाही. येल विद्यापीठातून २०१३ पासून दिले जाणारे विंडहॅम-कॅम्पबेल पुरस्कार लेखकाला निर्धास्तपणे लिहिता यावं म्हणूनच आहेत, पण त्यांची नामांकनं गुप्त असतात. आपलं नाव चर्चेत आहे हे लेखकाला शेवटपर्यंत ठाऊक नसतं. मराठीतून इंग्रजीत मोलाचे अनुवाद केलेल्या जेरी पिंटो यांना २०१६ मध्ये तो मिळाला. अशा पुरस्कारांचे अर्ज शोधण्यात दिवस घालवू नका. निवेदनात 'प्रवेशिका' किंवा 'अर्ज' हा शब्द आहे की 'नामांकन', हे पहिल्यांदा पाहा.

## २. तुम्ही पात्र आहात का, हे स्वतः ठरवू नका

प्रादेशिक पुरस्कारात दोन शब्दांवर सगळं अडतं: 'प्रदेश' आणि 'प्रस्थापित'.

प्रदेशाचा अर्थ प्रत्येक संस्था आपल्या परीने लावते. कुठे तुम्ही सध्या तिथे राहत असणं पुरतं, कुठे ठरावीक वर्षांचं वास्तव्य लागतं. कुठे जन्म तिथला असला की बाहेर राहिलात तरी चालतं. कुठे लेखकाचा पत्ता गौण असतो आणि पुस्तकाचा विषय किंवा भाषा त्या प्रदेशाची असावी लागते. मी ओळखते असे दोन लेखक 'आपण आता तिथे राहत नाही' म्हणून वर्षानुवर्षं अर्जच करत नव्हते. नियमात जन्मस्थानाचा पर्याय स्पष्ट दिलेला होता; त्यांनी नियमावलीचं पहिलं पानच वाचलं होतं.

'प्रस्थापित' हा शब्द आपल्या साहित्यचर्चेत जरा जड आहे. चळवळींच्या इतिहासामुळे त्याला वेगळा अर्थ चिकटला आहे, आणि तो वाचून काही लेखक बिचकतात. अर्जाच्या भाषेत त्याचा अर्थ साधा असतो: आधी अमुक इतकी पुस्तकं प्रकाशित झालेली असणं. पण इथेही चार प्रश्न विचारून घ्यावे लागतात. स्वखर्चाने काढलेलं पुस्तक धरतात का? संपादित पुस्तकं, अनुवाद, पाठ्यपुस्तकं मोजतात का? केवळ ई-पुस्तक चालतं का? आणि महत्त्वाचं, तुमची तीन पुस्तकं कवितेची असतील आणि आता कादंबरी लिहीत असाल, तर संस्था तुम्हाला अनुभवी मानते की नवोदित?

शंका असेल तर संस्थेला दोन ओळींचा ई-मेल पाठवा. फोनवर मिळालेलं उत्तर पुढे कुणाच्या लक्षात राहत नाही, लेखी उत्तर तुमच्याजवळ राहतं. मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला नीट उत्तर मिळालं. प्रश्न विचारला म्हणून कुणाचा अर्ज मागे पडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

## ३. कागदपत्रं मुदतीच्या तीन महिने आधी जमवा

नियमावली संस्थेगणिक बदलते, तरी खालच्या गोष्टी बहुतेक ठिकाणी या ना त्या रूपात मागतात:

- ओळखीचा पुरावा, आणि वास्तव्याचा किंवा जन्मस्थानाचा पुरावा
- प्रकाशित पुस्तकांची यादी: वर्ष, प्रकाशक, आयएसबीएन क्रमांक, आवृत्ती
- त्या पुस्तकांची मुखपृष्ठं आणि श्रेयपानं स्कॅन करून (श्रेयपान म्हणजे प्रकाशक, मुद्रक, हक्क यांचा तपशील असतो ते पान)
- चालू लेखनातला उतारा, सांगितलेल्या शब्दमर्यादेत
- पुस्तकाचा गोषवारा
- कामाचा आराखडा आणि अंदाजपत्रक
- एक किंवा दोन शिफारसपत्रं
- थोडक्यात लेखक-परिचय, बहुधा १०० ते २०० शब्दांत
- या पुस्तकासाठी प्रकाशकाशी करार झाला असेल तर त्याची प्रत
- याच कामासाठी दुसरीकडून पैसे मिळाले आहेत किंवा नाहीत, याचं स्वाक्षरीचं निवेदन

यात सर्वांत जास्त वेळ कशाला लागतो? जुन्या पुस्तकांच्या तपशिलाला. माझ्या पहिल्या संग्रहाची एकच प्रत घरात होती आणि तिचं श्रेयपान फाटलेलं. प्रकाशनसंस्था बंद झालेली. शेवटी एका ग्रंथालयातल्या प्रतीचा फोटो काढून आणला. त्यात अकरा दिवस गेले.

## ४. उतारा: परीक्षक आधी हेच वाचतात

पहिल्या वर्षी मी कादंबरीचं पहिलं प्रकरण पाठवलं. ते सर्वांत घासूनपुसून झालेलं होतं, म्हणून. ती चूक होती. पहिलं प्रकरण बहुतेक लेखकांचं चांगलंच असतं, कारण आपण तिथेच पुन्हा पुन्हा परततो. परीक्षकाला बघायचं असतं ते पुढचं: हे पुस्तक लांब पल्ला गाठेल का, पात्रं चालती-बोलती राहतील का, भाषा दोनशे पानं टिकेल का. दुसऱ्या वर्षी मी मधला भाग निवडला. दोन बहिणी वडिलांच्या जमिनीच्या कागदांवरून एका रात्री बोलतात, एवढाच प्रसंग. त्यात कादंबरीचा ताण होता, आणि आधीचं काही न वाचताही तो कळत होता.

उतारा निवडताना एक कसोटी लावा. ज्याने तुमचं काहीच वाचलेलं नाही अशा माणसाला तो द्या आणि वाचून झाल्यावर फक्त एक प्रश्न विचारा: 'पुढे काय होईल असं वाटतं?' उत्तर देताना तो माणूस पात्रांबद्दल बोलू लागला तर उतारा योग्य आहे. 'भाषा छान आहे' एवढंच म्हणाला तर दुसरा उतारा शोधा. हवं तर वर चार ओळींची पार्श्वभूमी द्या. चाराच्या दहा ओळी होऊ लागल्या, तर तो उतारा स्वतःच्या पायावर उभा नाही असं समजा.

कवितेसाठी हे जरा वेगळं. दहा उत्तम कवितांपेक्षा एकमेकींशी बोलणाऱ्या दहा कविता पाठवा. संग्रहाची दिशा त्यातूनच दिसते.

आता तांत्रिक सापळे. चांगले अर्ज इथे बाद होतात, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

फॉन्ट. तुम्ही अजून श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लिहीत असाल, तर ती फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडल्यावर अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हं दिसू शकतात. मजकूर युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर नीट दिसणाऱ्या अक्षरपद्धतीत) बदलून घ्या. बदलताना रफार, जोडाक्षरं आणि अवतरणचिन्हं हमखास बिघडतात, त्यामुळे नंतर प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घाला. मग पीडीएफ करा आणि ती स्वतःच्या नव्हे, दुसऱ्याच्या फोनवर उघडून पाहा.

शब्दसंख्या. आपल्याला पुस्तक पानांत किंवा फॉर्मांत (छपाईचा एक फॉर्म म्हणजे १६ पानं) मोजायची सवय असते. 'दहा फॉर्मांचं होईल' म्हटलं की प्रकाशकाला १६० पानं कळतात, अर्ज तपासणाऱ्याला नाही. त्याला शब्द हवे असतात. मर्यादा ५,००० ची असेल तर ५,०४० पाठवू नका. परीक्षकांपर्यंत पोचण्याआधी कार्यालयात फाइल तपासली जाते, आणि तिथे आकडाच बघतात.

अनुवाद. पुरस्कार इंग्रजीतून चालत असेल तर उताऱ्याचा अनुवाद लागेल. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात; 'घरातल्यांसाठीसुद्धा' या एका शब्दाचे इंग्रजीत चार-पाच शब्द होतात. म्हणजे मर्यादेत बसणारा मराठी उतारा अनुवादात बाहेर जातो. कापायचा तर अनुवादकाबरोबर बसून कापा, आणि अनुवादकाचं नाव व मानधन दोन्ही विसरू नका.

नाव. बऱ्याच ठिकाणी पहिली फेरी नाव झाकून होते. तेव्हा उताऱ्यावर, पानाच्या वरच्या पट्टीत, फाइलच्या नावात आणि फाइलच्या गुणधर्मांत ('प्रॉपर्टीज'मध्ये) तुमचं नाव कुठेही नको. मी फाइलला स्वतःचं आडनाव दिलं होतं. एका परिचिताने पाठवण्याआधी पाहिलं म्हणून वाचले.

आधीचं प्रकाशन. उतारा एखाद्या अंकात छापून आलेला असेल तर काही संस्था तो घेत नाहीत, काही उल्लेख केला तर घेतात. लपवू नका.

## ५. गोषवारा: जे लिहायचं राहिलं आहे त्याबद्दल बोला

मला सर्वांत जड गेलं ते हे पान. न झालेल्या पुस्तकाबद्दल आधीच बोललं की त्यातला जीव जातो, अशी भीती अनेक लेखकांना वाटते. मलाही वाटते. त्या भीतीपोटी पहिल्या वर्षी मी असं काही लिहिलं होतं: 'ही कादंबरी स्थलांतर, स्मृती आणि स्त्रीच्या अस्तित्वाचा बहुपेडी शोध घेते.' आज ते वाचताना कळतं, या वाक्यात माझी कादंबरी कुठेच नाही. ते वाक्य शंभर पुस्तकांना लावता येईल.

दुसऱ्या वर्षी लिहिलं ते असं: 'दोन बहिणींपैकी धाकटी चोवीस वर्षांनी घरी परतते, कारण जमिनीच्या कागदावर तिची सही हवी आहे. सही करायची की नाही, हे ठरवायला तिच्याजवळ नऊ दिवस आहेत. पहिल्या पाच दिवसांचं लेखन झालं आहे, सुमारे ३८,००० शब्द. उरलेल्या चार दिवसांत थोरल्या बहिणीची बाजू येणार आहे, आणि ती लिहिण्यासाठी मला जमीन मोजणीचे जुने दस्तऐवज वाचायचे आहेत.'

यात शेवट सांगितलेला नाही, पण परीक्षकाला चार गोष्टी कळल्या: पुस्तक कशाबद्दल आहे, किती झालं, किती राहिलं, आणि राहिलेलं का राहिलं. गोषवाऱ्यात एवढंच हवं. शेवट मलाच ठाऊक नसेल तर काय? तसं सरळ लिहा, पण कोणत्या दोन-तीन शक्यता तोलून पाहता आहात तेही लिहा. परीक्षक बहुधा स्वतः लेखक असतात. शेवट माहीत नसण्यात त्यांना वावगं वाटत नाही. मोघमपणा मात्र त्यांना लगेच दिसतो.

मॉरलंड लेखनवृत्तीच्या अटी मला इथे उपयोगी पडल्या, जरी मी तिला पात्र नव्हते. तिथे आधी प्रकाशित झालेल्या लेखनातला २,००० ते ५,००० शब्दांचा उतारा मागत, आणि होऊ घातलेल्या पुस्तकाचं वर्णन फक्त ४०० ते १,००० शब्दांत. मी स्वतःला तीच मर्यादा घालून गोषवारा लिहिला. आमच्या संस्थेची मर्यादा २,००० शब्दांची होती. मी ८५० वर थांबले.

आणखी एक. इथे जुन्या सत्कारांचा उल्लेख नको. लेखक-परिचयात तो एका ओळीत येतोच. पहिल्या वर्षी माझ्या अर्जाची जवळजवळ दोन पानं मिळालेले मान, भूषवलेली पदं, परीक्षणांतली अवतरणं यांनी भरली होती. मागच्या पुस्तकांनी तुम्हाला पात्रता दिली, त्यांचं काम तिथे संपलं. परीक्षकांपुढचा प्रश्न पुढच्या पुस्तकाचा असतो.

## ६. आराखडा आणि अंदाजपत्रक

आराखडा करताना आधी स्वतःचा खरा वेग मोजा. गेल्या वर्षभरात दर महिन्याला किती शब्द टिकले? लिहिलेले नव्हेत, टिकलेले. माझे फार थोडे निघाले. सलग वेळ मिळाला तर ५,००० होतील असा अंदाज मी धरला आणि उरलेल्या ३०,००० शब्दांना सहा महिने, पुनर्लेखनाला तीन महिने मागितले. मॉरलंड लेखनवृत्तीत महिन्याला किमान १०,००० नवे शब्द पाठवण्याची अट होती. ज्यांना ते जमतं त्यांनी जरूर करावं. जमत नसेल तर उत्साहाच्या भरात तसं वचन देऊ नका, कारण पुढे हप्ते त्याच्याशी बांधले जातात.

पुनर्लेखनाचा काळ वेगळा दाखवाच. तो नसलेला आराखडा वाचला की मुरलेल्या परीक्षकाला शंका येते.

अंदाजपत्रकात प्रवास, दस्तऐवजांच्या प्रती, मुलाखतींचं टंकलेखन, अनुवाद अशा बाबी सहज सुचतात. खरी मोठी बाब लिहायला लेखक संकोचतात: स्वतःचा वेळ. बिनपगारी रजा, सोडून दिलेली अनुवादाची कामं, मुलांना किंवा वृद्धांना सांभाळण्यासाठी ठेवलेली मदत. नियमात बसत असेल तर हे सगळं आकड्यांत लिहा. मी 'सहा महिने अर्धवेळ रजा' असं लिहून त्यापुढे बुडणाऱ्या पगाराचा आकडा दिला. त्यावर कुणी आक्षेप घेतला नाही.

बेरीज तपासा. पुरस्काराची रक्कम आणि तुमची बेरीज जुळत नसेल, तर वरचा खर्च कुठून करणार ते एका वाक्यात सांगा.

## ७. शिफारसपत्र कुणाचं?

सर्वांत मोठ्या नावाचं नको. ज्याने या अपुऱ्या पुस्तकाची पानं वाचली आहेत, त्याचं हवं. 'लेखिका आमच्या भाषेचं भूषण आहे' अशा चार ओळींचं पत्र काही सांगत नाही. 'तिसऱ्या मसुद्यात तिने निवेदक बदलला आणि कादंबरीचा गुंता सुटला' हे वाक्य सगळं सांगून जातं. पत्र लिहिणाऱ्याला उतारा, गोषवारा आणि मुदतीची तारीख एकत्र पाठवा, किमान सहा आठवडे आधी. दोन आठवडे उरले की विनासंकोच आठवण करा. पत्र थेट संस्थेकडे जायचं असेल तर पोचलं का, ते संस्थेला विचारा.

निवड समितीवर कोण आहे हे जाहीर झालेलं असेल तर त्यांच्यापैकी कुणाकडे पत्र मागू नका, आणि त्या काळात त्यांना फोनही करू नका. ओळख असली तरी नको, किंबहुना ओळख असेल तर मुळीच नको.

## ८. पाठवायच्या आधीचा आठवडा

शेवटच्या दिवशी संकेतस्थळ मंद होतं. दोन दिवस राखून पाठवा. फाइलचा आकार मर्यादेत आहे का, ते पाहा. पोच मिळाली की ती जपून ठेवा. छापील अर्ज असेल तर स्पीड पोस्टाने पाठवा, आणि मुदत टपालात टाकण्याची आहे की पोचण्याची, ते नीट वाचा. हा फरक अनेकांना महागात पडला आहे.

## ९. निवड झाली तर सही करण्याआधी करार वाचा

आनंदाच्या भरात इथे घाई होते. मी करारपत्र दोन दिवस ठेवलं, एका वकील मैत्रिणीला दाखवलं, आणि मगच सही केली. तुम्ही या गोष्टी पाहा:

हक्क. पुस्तकाचे हक्क तुमच्याकडेच राहतात ना? संस्थेला फक्त प्रसिद्धीपुरता छोटा उतारा छापायची परवानगी द्यावी, त्याहून जास्त नको.

पुढच्या उत्पन्नातला वाटा. बहुतेक ठिकाणी नसतो, पण असू शकतो. मॉरलंडच्या अटींत त्या काळात लिहिलेल्या पुस्तकातून पुढे जे मिळेल त्याचे २० टक्के फाउंडेशनला द्यायचे असत, पुढच्या लेखकांसाठी; कायद्याचं बंधन म्हणून नव्हे, नैतिक ऋण म्हणून. मला ती अट न्याय्य वाटते, कारण ती आधीच उघड सांगितलेली आहे. न सांगता आलेली असेल तर प्रश्न विचारा.

प्रकाशकाचा करार. याबाबत संस्थांची मतं अगदी उलटसुलट असतात. व्हाइटिंगच्या अनुदानासाठी पुस्तकाचा प्रकाशकाशी आधीच करार झालेला असावा लागतो. काही ठिकाणी करार झालेला असेल तर अर्ज बाद होतो. अर्ज केल्यानंतर आणि निकालाआधी तुम्ही प्रकाशकाशी करार केलात, तर संस्थेला लगेच कळवा.

पुस्तक पुरं झालं नाही तर? पैसे परत करायचे का, मुदतवाढ किती वेळा मिळते, आजारपण किंवा घरातली अडचण धरतात का. ही कलमं बहुधा शेवटच्या पानावर असतात.

ऋणनिर्देश. संस्थेचं नाव पुस्तकात कसं आणि कुठे छापायचं याचा मजकूर ठरलेला असतो. तो तेव्हाच प्रकाशकाकडे पाठवून द्या, छपाईच्या घाईत राहून जातो.

कराचं काय, हे सनदी लेखापालाला विचारा. पुरस्काराची रक्कम करमुक्तच असते अशी समजूत सर्वत्र ऐकू येते. ती प्रत्येक पुरस्काराला लागू नाही.

## १०. हप्ते आणि प्रगती अहवाल

रक्कम सहसा दोन किंवा तीन हप्त्यांत येते, आणि मधला हप्ता अहवालावर अवलंबून असतो. अहवालात आराखड्यापासून कुठे ढळलात ते लिहा. कादंबरीतली थोरली बहीण चौथ्या महिन्यात निवेदक झाली आणि आधीची सत्तर पानं पुन्हा लिहावी लागली. मी तसंच कळवलं, नवं वेळापत्रक जोडलं, आणि दोन महिन्यांची मुदतवाढ मिळाली. खर्चाच्या पावत्या पहिल्या दिवसापासून एका पाकिटात ठेवा. वर्षअखेरीला शोधायला बसू नका.

## ११. निवड झाली नाही तर

संस्थेला परीक्षकांचे अभिप्राय देता येतील का, एवढं विचारा. सगळे देत नाहीत. मला पहिल्या वर्षी एकच ओळ मिळाली होती: 'पुस्तक नेमकं कुठवर आलं आहे ते अर्जावरून कळत नाही.' त्या ओळीवरून मी वरचा पाचवा आणि सहावा मुद्दा शिकले. निकालावर वाद घालू नका, परीक्षकांना गाठू नका, आणि त्याच अर्जावर फक्त तारीख बदलून पुढच्या वर्षी पाठवू नका. पुन्हा अर्ज करायला किती वर्षं थांबावं लागतं ते नियमात पाहा. काही संस्था सलग दोन वर्षं घेत नाहीत.

दरम्यान जमवलेली कागदपत्रं एका फोल्डरमध्ये नीट ठेवा: श्रेयपानं, पुस्तकांची यादी, युनिकोड केलेला उतारा, १०० आणि २०० शब्दांचे दोन परिचय. पुढचा अर्ज दुसऱ्या संस्थेचा असला तरी ही तयारी जशीच्या तशी कामी येते. माझ्या दुसऱ्या अर्जाला एकूण नऊ दिवस लागले, आणि त्यातले सात गोषवाऱ्याला गेले.